गाडी ऑइल खाते म्हणजे नेमकं कुठून खाते?

रस्त्यात पुढे एखादा जुना ट्रक असला की नाकावर रुमाल धरून आपण सगळेच एक निदान करून मोकळे होतो, "ह्याचं इंजिन गेलं!" गंमत अशी की कित्येक गॅरेजमध्येही तेवढ्याच पुराव्यावर तेच निदान होतं. फरक इतकाच की आपलं निदान फुकट असतं, आणि त्यांचं ट्रकमालकाला लाख-दीड लाखाला पडतं.

मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. आय. सी. इंजिन्सच्या पेपरला धुराचे रंग आणि त्यांची कारणं हा प्रश्न हमखास असतो आणि आपण तीन ओळींचं टेबल काढून येतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. टेबल बरोबरच आहे. पण ते फक्त काय जळतंय तेवढं सांगतं. ऑइल कुठून जातंय, किती जातंय आणि त्यासाठी इंजिन खोलायची खरंच गरज आहे का, हे त्यात नाही. ट्रकमालकाला मात्र नेमकं तेवढंच हवं असतं. ते मी मामांच्या ट्रकच्या निमित्ताने सांगणार आहे.

माझं आजोळ पिशोर, कन्नड तालुक्यातलं. मामांकडे २००४ सालचा टाटा १६१३ आहे. (हा आकडा वाचायची एक रीत आहे. पहिले दोन अंक म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन, १६ टन. पुढचे दोन म्हणजे ताकद, १३ गुणिले १०, म्हणजे १३० हॉर्सपॉवरच्या आसपास.) गाडी मका, कापूस, अद्रक असा हंगामी माल वाहते. पूर्वी चाळीसगावकडेही जायची. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांना बंदी घातली, तेव्हापासून तिच्या बहुतेक फेऱ्या सिल्लोड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर याच बाजूला होतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा घरात एकच विषय होता. गाडी ऑइल खात होती आणि सकाळी सकाळी निळा धूर मारत होती. शहरातल्या एका गॅरेजने "फुल इंजिन काम" सांगितलं होतं. रिंगा, पिस्टन, लायनर, बेअरिंग, सगळंच नवीन. मक्याचा सीझन तोंडावर, इंजिन खोललं तर गाडी पंधरा-वीस दिवस उभी, आणि वरून कर्ज. मामी म्हणाली, "त्यापेक्षा भंगारात द्या, डोक्याचा ताप जाईल." मामा काहीच बोलत नव्हते, आणि ते बोलत नाहीत तेव्हा प्रकरण गंभीर असतं. गावातल्या मिस्त्रींचं म्हणणं मात्र वेगळं होतं. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. ते म्हणाले, "आधी मोजा, मग खोला." चाचांनी इंजिनिअरिंगचं पुस्तक उघडलेलं नाही, पण मला वाटतं पुस्तक लिहिणाऱ्याने त्यांच्याकडे आठवडाभर बसायला हरकत नाही.

थोडी इंजिनची ओळख करून देते. या गाडीत टर्बो बसवलेलं ६९७ इंजिन आहे. ह्या नावातही अर्थ आहे, ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर. कॅल्क्युलेटरवर करून पाहा, ५६७५ सीसी येतात. टेल्कोने १९५४ मध्ये डायमलर-बेंझबरोबर करार केला होता, तो १९६९ पर्यंत चालला. मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाचा बोअर आणि स्ट्रोकही हाच, म्हणजे घराणं एकच. अशी इंजिनं आपल्याकडे खेडोपाडी चालू आहेत, कारण त्यांचा पार्ट कुठेही मिळतो आणि काम येणारा मिस्त्रीही कुठेही मिळतो. वीस वर्षं वजन ओढल्यावर कोणतंही इंजिन थोडं ऑइल खाणारच. तो दोष कंपनीचा नाही, वयाचा.

पहिलं काम, वही

"गाडी ऑइल खाते" हे वाक्य फार फसवं आहे. किती खाते? ड्रायव्हरदादांचं उत्तर होतं, "दर ट्रिपला टाकावंच लागतं." आता ट्रिप सिल्लोडचीही असते आणि जालन्याचीही. मग आम्ही एक दोनशे पानी वही केली. चार रकाने: तारीख, किलोमीटर, टाकलेलं डिझेल, टाकलेलं ऑइल.

पातळी बघायचे नियम चाचांनी घालून दिले. रोज सकाळी, गाडी चालू करण्याआधी, त्याच एका सपाट जागेवर, आणि त्याच एका माणसाने. रात्रभरात वर अडकलेलं सगळं ऑइल चेंबरमध्ये उतरलेलं असतं. (आपण ज्याला ऑइल सम्प म्हणतो त्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. मी पहिल्या दिवशी चेंबर म्हणजे ड्रेनेजचं समजत होते, कॉन्व्हेंटची कृपा!) गाडी नुकतीच बंद केली असेल किंवा पुढची चाकं उतारावर असतील तर ऑइलची पट्टी चक्क खोटं बोलते.

दुसरा नियम म्हणजे वरच्या खुणेच्या वर ऑइल भरायचं नाही. ड्रायव्हर लोक "थोडं जास्त असू द्या" म्हणून लिटरभर चढवतात. मग क्रँक त्या ऑइलला फटके मारतो, फेस होतो, आणि तो फेस ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतो. दोन दिवसांत पातळी मूळ जागी येते आणि मालकाला वाटतं, खाल्लं! ते खाल्लेलं नसतं, ओकलेलं असतं.

हिशोब किलोमीटरवर न करता डिझेलवर करणं जास्त बरं. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांचा किलोमीटर सारखा नसतो, पण इंजिनाने केलेलं काम डिझेलमध्ये बरोबर दिसतं. चांगल्या इंजिनात ऑइल डिझेलच्या ०.१ ते ०.३ टक्क्यांपर्यंत जातं असं ढोबळ मानतात. अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की शोध सुरू करायचा, आणि एक टक्का ओलांडला की गंभीर. मॅन्युअलमध्ये काही मर्यादा दिली असेल तर ती अंतिम.

मामांच्या गाडीचे पहिल्या टप्प्यातले आकडे असे: २१४० किलोमीटर, ५२० लिटर डिझेल, साडेसहा लिटर ऑइल. म्हणजे हजार किलोमीटरला तीन लिटर, आणि डिझेलच्या १.२५ टक्के. कागदावर शहरातलं गॅरेज बरोबर ठरत होतं. मामांचा चेहरा बघवत नव्हता.

चाचांनी वही पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "एवढं ऑइल जळालं असतं तर दुपारी धूर का नाही?"

धूर कधी येतो

रंगापेक्षा वेळ जास्त बोलते. रंग ओळखण्यातही गोम आहे. ऑइलचे थेंब फार बारीक असतात, बऱ्याच वेळा निळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आत. असे थेंब निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून धूर निळसर दिसतो. पण तो तसा दिसतो गडद भिंतीच्या किंवा झाडांच्या समोर. तोच धूर उजळ आभाळासमोर धरला तर भुरा, तपकिरी वाटतो, कारण निळा भाग बाजूला गेलेला असतो. थर्ड इयरला आपण हे शिकत नाही, बारावीला फिजिक्समध्ये शिकून विसरतो. त्यामुळे धूर पाहायचा तो सकाळी, सायलेन्सरच्या मागे काहीतरी गडद असताना. आणि वास घ्यायचा. ऑइलचा धूर जळक्या तळणीसारखा वास मारतो, कच्च्या डिझेलचा धूर डोळ्याला झोंबतो, पाण्याची वाफ दोन-तीन मीटरवर विरून जाते आणि तिला विशेष वास नसतो.

आता वेळा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन पाच-दहा मिनिटांत थांबत असेल, तर रात्रभर वरून काहीतरी झिरपलंय. वाल्व्ह गाइड झिजलेले असतात, त्यावरच्या रबरी सील कडक झालेल्या असतात, आणि हेडमधलं ऑइल थेंब थेंब खाली उतरतं. बराच वेळ गाडी जागेवर घरघरत ठेवली आणि मग रेस दिल्यावर एक निळा लोट आला, तर संशय तिथेच किंवा टर्बोच्या सीलवर. पण चढाला, भरल्या गाडीला, इंजिन पूर्ण गरम असताना निळा धूर वाढत गेला, तर रिंगा आणि लायनर. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, झिजलेल्या रिंगांना ना वरचा वायू थोपवता येतो ना खालचं ऑइल.

इथे एक सावधगिरी. "उतारावर इंजिन ब्रेक लावून मग रेस दिली की वाल्व्ह गाइड कळतात" असं सगळीकडे सांगतात. ते पेट्रोल इंजिनाचं ज्ञान आहे. पेट्रोलला थ्रॉटल असतो, उतारावर तो बंद झाला की इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्युम होतो आणि गाइडमधून ऑइल ओढलं जातं. जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही, त्यामुळे एवढा व्हॅक्युम होतच नाही. उलट टर्बो चालू असताना तिथे दाब असतो. डिझेलमध्ये गाइडमधून ऑइल उतरतं ते मुख्यतः गाडी उभी असताना किंवा हळू चालू असताना, गुरुत्वाकर्षणाने. व्हायव्हामध्ये हा मुद्दा सांगून बघा, सर खूश होतील.

मामांच्या गाडीचा निळा धूर सकाळी आठ-दहा मिनिटं, मग गायब. मका भरून चढाला दुपारी पाहिला तर हलका काळपट, निळा अजिबात नाही. म्हणजे रिंगांवरचा आरोप जरा ढिला पडला.

तो आरोप आणखी तपासायला ब्रीदर असतो. पिस्टनच्या बाजूने खाली निसटलेला वायू क्रँककेसमधून ब्रीदरच्या नळीने बाहेर येतो. गॅरेजच्या भाषेत "इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय." गरम इंजिन जागेवर चालू ठेवून नळीच्या तोंडाशी हात धरायचा. हलकी फुंकर ठीक. भकाभक धूर, आणि तो ठोक्याठोक्याने येत असेल, तर एखादा सिलिंडर तरी नक्की खराब. आपली फुंकर हलकीच होती. ऑइल भरायचं झाकण काढून उलटं ठेवलं तरी ते जागेवर राहिलं, उडालं नाही. ही काही लॅबमधली टेस्ट नव्हे, पण पाच मिनिटांत फुकट होते.

मग साडेसहा लिटर ऑइल गेलं कुठे? खाली जमिनीवर थेंब नव्हते म्हणण्यासारखे. पुठ्ठा टाकून रात्रभर पाहिलं होतं. चेंबरचं पॅकिंग आणि क्रँकची मागची सील कोरडी. न जळता, न सांडता तेल जातं कुठे?

ब्रेकच्या हवेत

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण आपल्या टेबलमध्ये तो नाहीच.

ट्रकला एअर ब्रेक असतात. त्यासाठी हवा दाबणारा छोटा कॉम्प्रेसर इंजिनलाच जोडलेला असतो. त्यालाही पिस्टन, रिंगा, क्रँक सगळं असतं, आणि त्याला वंगण मिळतं ते इंजिनच्याच ऑइलचं. एका नळीने दाबाखाली ऑइल आत येतं आणि परत चेंबरमध्ये जातं. ह्या छोट्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या, किंवा परतीचा मार्ग कार्बनने अडला, की ऑइल हवेबरोबर वर चढतं आणि सरळ एअर टँकमध्ये जातं. तिथून काही ड्रेन कॉकमधून निघतं, काही अनलोडर वाल्व्हमधून फुस्स करून बाहेर उडतं. सायलेन्सरमधून यातला एक थेंबही जात नाही. म्हणजे ऑइल कमी होतं पण धूर वाढत नाही!

ड्रायव्हरदादा रोज टँक ड्रेन करत होते, त्यांचं काम चोख. पण कॉक उघडला की फवारा जमिनीवर, मातीत मुरला, संपलं. चाचांनी कॉकखाली अर्धा कापलेला कॅन धरायला सांगितला. त्यात थोडं पाणी येतंच, हवेतल्या बाष्पाचं. किंचित तेलकट, दुधासारखं पाणी असेल तर चिंता नाही. आमच्या कॅनमध्ये चहाचा ग्लास भरेल एवढं काळं ऑइल होतं, एका दिवसाचं. चेसिसवर अनलोडरच्या आजूबाजूलाही तेलाचा चिखल साचलेला सापडला.

खात्री करायची म्हणून कॉम्प्रेसरची बाहेर जाणारी नळी काढली. चाकांना लाकडी ठोकळे लावून, कारण या वेळी ब्रेकची हवा भरत नाही. इंजिन जागेवर चालू ठेवून तोंडासमोर थोड्या अंतरावर पांढरा पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर ऑइलचे ठिपके नाही, चक्क ओघळ आले. काढलेल्या नळीच्या आत कार्बन इतका जमलेला की करंगळी जाईना.

मला वाटतं इथे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. हे ऑइल टँकमध्ये थांबत नाही, पुढे ब्रेकच्या वाल्व्हपर्यंत जातं. तिथे रबरी सील आणि डायफ्रॅम असतात. ऑइलने ते फुगतात, चिकटतात, वाल्व्ह उशिरा उघडतो किंवा उशिरा सुटतो. सोळा टनाची गाडी आणि उशिरा लागणारा ब्रेक! समजा मामांनी घाबरून इंजिनचं फुल काम केलं असतं, रिंगा-लायनर नवीन टाकले असते, आणि कॉम्प्रेसर तसाच राहिला असता, तर धूर कमी झाला असता, खिसा रिकामा झाला असता, आणि ब्रेकमध्ये ऑइल जातच राहिलं असतं.

कॉम्प्रेसर असा का झाला हेही शोधलं. एका होजच्या जोडातून हवा हळूहळू गळत होती. टँक भरला की कॉम्प्रेसरने विश्रांती घ्यायची असते, पण गळतीमुळे तो सतत हवा दाबत राहिला, तापला, कार्बन धरला, आणि ऑइल चढायला लागलं. साबणाचं पाणी जोडांवर मारून गळती सापडली. तो होज बदलला, कॉम्प्रेसरचा किट टाकला, नळी बदलली, टँक साफ केले, ब्रेक वाल्व्ह उघडून रबरं बदलली. खर्च काही हजारांत, आणि गाडी दोन दिवस उभी.

दुसऱ्या टप्प्यातले आकडे: १८६० किलोमीटर, ४५० लिटर डिझेल, अडीच लिटर ऑइल. हजार किलोमीटरला सव्वा लिटरच्या जरा वर, डिझेलच्या ०.५६ टक्के. अजून उत्तम नाही, पण निम्म्याहून जास्त "खाणं" इंजिनच्या बाहेरचं निघालं.

बाकीचे संशयित

टर्बो तपासायचा तर हवेचा पाइप काढून आत बोट फिरवायचं. हलका ओलावा चालतो, ऑइलचं तळं नाही. आणि टर्बोला शिक्षा देण्याआधी एअर फिल्टर बघा. फिल्टर चोंदलेला असेल तर टर्बोच्या तोंडाशी खेच तयार होते आणि चांगली सीलही ऑइल सोडते.

उलटा प्रकारही असतो. गाडी ऑइल खात असते पण पट्टीवर पातळी तशीच राहते, कधी वाढतेही. तेव्हा आनंद मानू नका! पंपाच्या बाजूने किंवा गळक्या नोझलमुळे डिझेल चेंबरमध्ये उतरत असतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. पट्टीला डिझेलचा वास येतो, आणि वर्तमानपत्रावर एक थेंब सोडला तर डागाभोवती पातळ, फिकट कडं लांब पसरतं.

पांढऱ्या धुराबद्दल एक छोटं गणित, आपल्या लोकांसाठी. कॉम्प्रेशन रेशो १७ धरा, डिसेंबरची सकाळ १० अंश, म्हणजे २८३ केल्विन. इंजिन जोरात फिरतंय, गळती कमी, म्हणून एन १.३५ धरला तर शेवटचं तापमान ४९० अंश सेल्सियसच्या आसपास येतं. बॅटरी कमजोर, क्रँक हळू, वायू निसटतोय, उष्णता भिंतींना जातेय, म्हणून एन १.२५ धरला तर तेच ३०० अंशांवर येतं. डिझेलला स्वतःहून पेट घ्यायला दोनशेच्या थोडं वर पुरतं असं पुस्तकात असतं, पण इथे त्याच्याकडे काही मिलिसेकंदच असतात. त्यामुळे ३०० ला काही ठोके चुकतात, आणि न पेटलेलं डिझेल पांढरं धुकं होऊन बाहेर येतं. म्हणून थंडीतल्या पांढऱ्या धुरावर आधी बॅटरी आणि स्टार्टर तपासावा. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि त्यात बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा.

काळ्या धुराला लोक फार मनावर घेत नाहीत, "लोड आहे, मारणारच." पण मला वाटतं निळ्या धुराची सुरुवात बऱ्याचदा तिथेच होते. चढाला गाडी ओढावी म्हणून पंपवाल्याकडे जाऊन डिझेल वाढवून घेतात. जास्तीचं डिझेल पूर्ण जळत नाही, काही सिलिंडरच्या भिंतीवर बसतं आणि तिथला ऑइलचा थर धुऊन काढतं. रिंग कोरडी घासते. वर फाटका एअर फिल्टर असेल तर आपल्याकडची बारीक माती आत जाऊन पॉलिश पेपरचं काम करते. वर्ष-दोन वर्षांत तीच गाडी निळा धूर मारायला लागते. मामांच्या गाडीचा फिल्टर त्याच आठवड्यात बदलला, दुपारचा काळपटपणा बराच उतरला.

एकच सिलिंडर खराब आहे असं वाटलं तर जुनी युक्ती म्हणजे इंजिन जागेवर चालू असताना एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करणं. ज्या सिलिंडरला बंद केल्यावर आवाजात फरकच पडत नाही, किंवा धूर थांबतो, तो गुन्हेगार. हे फक्त जुन्या इनलाइन पंपाच्या गाडीवर, फडकं गुंडाळून, आणि अनुभवी माणसाबरोबरच करायचं. ह्या पंपाचा फवाराही कातडीत शिरू शकतो. कॉमन रेल इंजिनवर तर हे कधीही करू नये, तिथे दाब हजार बारच्या वर असतो.

"पण पीयूसी तर पास आहे!" हे मामांचं पहिलं वाक्य होतं. पीयूसीचं मशीन धुराचा रंग बघत नाही, प्रकाश किती अडला तेवढं बघतं. अशा जुन्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, म्हणजेच शोषण गुणांक २.४५ प्रति मीटर. दोन्ही आकडे एकच आहेत. मशीनमधली नळी ०.४३ मीटर धरतात, एक वजा ई चा उणे २.४५ गुणिले ०.४३ वा घात काढा, ०.६५ येतो. बीएस-४ गाड्यांना मर्यादा ५० आहे, तिथे गुणांक १.६२. काळी काजळी हा प्रकाश चांगला अडवते. ऑइलचा निळा धूर त्या मानाने विरळ असतो आणि ही टेस्ट गरम इंजिनवर होते, तोवर सकाळचा धूर संपलेला असतो. त्यामुळे पीयूसी पास होऊनही गाडी ऑइल पिऊ शकते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकना तर मागे काजळी अडवणारा फिल्टरच असतो. तिथे डोळ्याने निदान करायला फारसं काही उरत नाही, ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये जमते आणि दिवा लागतो. म्हणजे ही सगळी विद्या जुन्या गाड्यांपुरतीच. पण जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत.

ज्यांना ट्रक पाहायला मिळत नाही त्यांच्यासाठी हॉस्टेलमागचा जनरेटर आहेच. लाइट गेल्यावर पहिली पाच मिनिटं धूर कसा असतो ते खिडकीतून बघा. जनरेटरचं दुखणं ट्रकच्या उलट असतं. तो बहुतेक वेळ कमी लोडवर चालतो, सिलिंडर नीट तापत नाही, रिंगांना पुरेसा दाब मिळत नाही, लायनरवर काचेसारखा गुळगुळीत थर बसतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळं, ओलं तेल साचतं. त्याला अधूनमधून चांगला लोड देणं हेच औषध. नवीन बांधलेलं इंजिनही तासन्‌तास जागेवर घरघरत ठेवलं तर असंच होतं, आणि मग लोक म्हणतात, "एवढं काम करूनही ऑइल खातेच."

ऑइल गाढ वापरा, डब्यातलं औषध टाका, हे सल्लेही मामांना मिळाले होते. गाढ ऑइलने खप थोडा कमी दिसतो, पण थंड सकाळी ते वरपर्यंत पोहोचायला वेळ लावतं. मॅन्युअलमधला ग्रेड सोडू नये असं माझं मत आहे.

आता सकाळचा आठ-दहा मिनिटांचा निळा धूर तेवढा शिल्लक आहे. मक्याचा सीझन संपल्यावर, उन्हाळ्यात, फक्त हेड उतरवायचं ठरलंय. गाइडमध्ये वाल्व्ह किती हलतो ते डायल गेजने पाहायचं, सील बदलायच्या, आणि हेड उतरलेलंच आहे तर लायनरच्या वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग वळते, तिथे नखाला कडा लागते का तेही बघायचं. कडा जाणवली तर बोअर गेजने सहाही सिलिंडर मोजायचे. तो गेज आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये आहे, सरांना अर्ज करून ठेवलाय. तोपर्यंत वही ड्रायव्हरदादांकडे आहे, आणि त्यात त्यांनी स्वतःच पाचवा रकाना आखलाय, टँकमधून निघालेल्या ऑइलचा.